बडा क्लब सोडून खालच्या लीगमधला क्लब धरायचाय, सुरुवात कुठून करू?

राखीव_गोलकीपर
प्रीमियर लीगमधल्या बड्या क्लबवरून मन उडालंय. इंग्लंडमधलाच लीग वन, लीग टू (वरून तिसरी आणि चौथी डिव्हिजन) किंवा त्याखालच्या नॅशनल लीगमधला एखादा क्लब कायमचा धरायचाय. तीन प्रश्न आहेत. निवडायचा कशावरून? टीव्हीवर क्वचित दिसणाऱ्या टीमचा अख्खा सीझन लांबून कसा बघायचा? आणि जुन्या क्लबचं काय, दोन्ही ठेवले तर चालतात का? "मनाला पटेल तो घे" एवढं सोडून काहीही सांगा.

सेकंड_बॉल
आधी कशावरून निवडू नये ते बघा. एफए कपमध्ये, म्हणजे लहान-मोठे सगळे क्लब खेळतात त्या बाद स्पर्धेत, एखाद्या छोट्या टीमने बड्यांना लोळवलं की लोक तिच्या प्रेमात पडतात. पण त्या मॅचमध्ये चमकलेला स्ट्रायकर उन्हाळ्यात वरच्या डिव्हिजनला जातो, मॅनेजर तर त्याच्याही आधी. लोनवर (दुसऱ्या क्लबकडून तात्पुरत्या) आलेल्या पोरावर जीव लावणं त्याहून वाईट. करारात तशी अट असेल तर मूळ क्लब त्याला जानेवारीतच परत बोलावतो. लीग टूमध्ये एक-दोन वर्षांचे करार सर्रास असतात. सीझन संपला की क्लब "रिटेन्ड लिस्ट" जाहीर करतो, म्हणजे कोण राहिलं आणि कोणाला नारळ मिळाला याची यादी. त्यात अर्धी टीम गेलेली दिसली तर दचकू नका.

तेव्हा खेळाडू बाजूला ठेवा आणि जे जागचं हलत नाही ते बघा. पहिली गोष्ट मैदान. ते क्लबच्या मालकीचं आहे, नगरपालिकेचं आहे, की मालकाच्या दुसऱ्याच कंपनीच्या नावावर आहे? कॉव्हेंट्री सिटीचं उदाहरण घ्या. स्टेडियम दुसऱ्याच्या हातात आणि भाड्यावरून वाद, त्यामुळे २०१३-१४ मध्ये घरच्या मॅचेस नॉर्थहॅम्प्टनला आणि २०१९ ते २०२१ बर्मिंगहॅमला खेळाव्या लागल्या.

दुसरी गोष्ट मालकी. विम्बल्डनचा जुना क्लब मिल्टन कीन्सला हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन काढला. इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीपासून सुरुवात करून २०११ मध्ये ते फुटबॉल लीगमध्ये (आजची ईएफएल, म्हणजे प्रीमियर लीगखालच्या तीन डिव्हिजन) पोचले. एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर २००५ चा, तिथे एका सभासदाला एकच मत. अशा क्लबचं सभासद होता येतं, मतही देता येतं. फक्त मताबरोबर सभा, ठराव आणि यथेच्छ भांडणंही पदरात पडतात हे धरून चाला.

टचलाइन
दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. शनिवारी दुपारी २:४५ ते ५:१५ या वेळात लाइव्ह फुटबॉल न दाखवण्याचा नियम फक्त ब्रिटनमध्ये लागू आहे. म्हणून ब्रिटनबाहेरच्या माणसाला शनिवारी दुपारी तीनच्या मॅचेस बघणं उलट सोपं जातं. सीझन पास काढण्याआधी दोन गोष्टी तपासा: तुमच्या देशात क्लबचं स्ट्रीमिंग चालतं का, आणि पासमध्ये कप मॅचेस येतात का. एफए कपचे हक्क वेगळे असतात आणि नेमकी तिथेच निराशा होते.

स्ट्रीम कशी असते तेही ऐकून ठेवा. बऱ्याचदा हाफवे लाइनच्या वर एकच कॅमेरा, रिप्ले नावापुरता, पलीकडच्या टचलाइनवर ऊन आलं की तिथल्या विंगरचा नंबरही दिसत नाही. पहिले पाच-सहा सामने खेळाडू ओळखण्यातच जातात. नंबराच्या मागे लागू नका. एकाची मोजे खाली ओढायची सवय, दुसऱ्याचा थ्रो घेतानाचा पवित्रा, यावरून माणूस लवकर लक्षात राहतो. बॉलवरून नजर काढून लांब किक पडते तिथे कोण आधी पोचतो ते बघा. या पातळीवर निम्मी मॅच त्या "सेकंड बॉल"वरच, म्हणजे लांब किकनंतर सुटून पडलेला बॉल कोण मिळवतो यावरच, ठरते. लीग वन आणि टूच्या लीग मॅचेसमध्ये व्हीएआर (व्हिडिओ बघून पंचांचा निर्णय तपासणं) नाही, त्यामुळे गोल झाला की लगेच ओरडता येतं. माझ्या मते क्लब बदलायला हे एकच कारण पुरे आहे.

टेबल वाचताना मात्र जपून. इथे २४ टीम्स, प्रत्येकीचे ४६ सामने. हिवाळ्यात मैदान गोठतं किंवा पाणी साचतं आणि मॅच पुढे जाते. आंतरराष्ट्रीय ब्रेकमध्ये तीन किंवा जास्त खेळाडू राष्ट्रीय संघात गेले तर क्लब मॅच पुढे ढकलून घेऊ शकतो. मग त्या मॅचेस मंगळवारी रात्री कोंबल्या जातात. फेब्रुवारीत दोन टीम्समध्ये तीन-तीन सामन्यांचा फरक असू शकतो, तेव्हा गुणांना सामन्यांनी भागून बघा.

ताळेबंद
सेकंड_बॉल, मैदान आपल्या नावावर असलं म्हणजे झालं असं नाही. त्यावर कर्ज किती चढलंय? ब्रिटनच्या कंपनीज हाउसच्या साइटवर क्लबचं कंपनी म्हणून असलेलं नाव शोधा, सगळं फुकट दिसतं. "चार्जेस" या टॅबमध्ये गहाणाच्या नोंदी असतात. खासगी कंपनीने आर्थिक वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत हिशेब द्यायचा असतो. तो थकला असेल तर पहिली घंटा वाजली. दुसरी घंटा म्हणजे ईएफएल आपल्या साइटवर ट्रान्सफर एम्बार्गो (नवे खेळाडू घेण्यावर बंधन) लागलेल्या क्लबची यादी देते ती. दोन्हीकडे नाव असेल तर सध्या लांबूनच नमस्कार.

ईएफएलमध्ये क्लब कर्जात बुडून प्रशासकाच्या ताब्यात गेला की १२ गुण कापले जातात. बरी या क्लबला तर ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधूनच काढलं. ल्यूटनने २००८-०९ चा सीझन ३० गुण वजा धरून सुरू केला आणि ते नॉन-लीगमध्ये, म्हणजे ईएफएलच्याही खाली, कोसळले. २०१४ मध्ये परतले, २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये, मग लागोपाठ दोनदा खाली. ही सगळी वर्षं आवडीने बघवतील का, ते स्वतःला विचारून ठेवा.

डगआउट_७
जुन्या क्लबचं: दोन्ही सारख्याच जोरात ठेवणं जमत नाही, कारण दोघांच्या मॅचेस बऱ्याचदा शनिवारी एकाच वेळी येतात. जुन्या क्लबचे नोटिफिकेशन आणि फॅन्टसी टीम बंद करा, निकाल दुसऱ्या दिवशी बघा. एक पूर्ण सीझन, म्हणजे ऑगस्ट ते मे, नवा क्लबच लाइव्ह बघायचा. नोव्हेंबरच्या मंगळवारी ०-० बघूनही पुढच्या मॅचची तारीख आपोआप शोधलीत तर समजा जमलं.

एक नाजूक जागा. २०१६-१७ पासून ईएफएल ट्रॉफीत (लीग वन आणि टूच्या क्लबचा कप) बड्या क्लबच्या अंडर-२१ टीम्स खेळतात आणि खालच्या क्लबच्या बऱ्याच चाहत्यांचा त्यावर राग आहे, काही जण बहिष्कारच टाकतात. नव्या मंडळींमध्ये जाऊन "आमची अकादमी टीम छान खेळली" म्हणालात तर तुमचं काही खरं नाही.

राखीव_गोलकीपर
कामाची माहिती, आभार. लीग टू की नॅशनल लीग, यातच अडकलोय.

सेकंड_बॉल
लीग टूमधून पहिले तीन थेट वर, चौथा ते सातवा प्लेऑफ (वरच्या आणखी एका जागेसाठी बाद सामने), खाली जाणारे फक्त दोन. मधल्या टीमला मार्चनंतर फारसं काम उरत नाही, पण तुम्हाला खेळ शांतपणे शिकता येतो. नॅशनल लीगमधून थेट वर एकटा पहिला, दुसरा ते सातवा प्लेऑफमध्ये. ढीगभर गुण मिळवून दुसरे आलात तरी एखाद्या मॅचमध्ये सगळं जाऊ शकतं. नवख्याने लीग टू घ्यावी, आणि टेबलमध्ये दहा ते अठरामधला क्लब बघावा.