मदत हवी आहे: लैंगिक छळाची तक्रार केली म्हणून अब्रुनुकसानीची नोटीस

नमस्कार मंडळी. माझी मावसबहीण पुण्यात एका खासगी कंपनीत आहे. तिने वरिष्ठाविरुद्ध अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार दिली. चौकशी अजून चालूच आहे, तोवर त्याच्या वकिलाची नोटीस घरी आली: पंधरा दिवसांत माफी मागा, नाहीतर ५० लाखांचा दावा आणि वर फौजदारी खटला. मावशीने तर धसकाच घेतलाय, "तक्रार मागे घे" म्हणून मागे लागली आहे.

मी थोडं वाचलं. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातलं कलम १४ म्हणतं की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई व्हायची गरज नाही. भारतीय न्याय संहितेच्या अब्रुनुकसानीवरच्या कलम ३५६ मध्येही, अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला अपवाद आहे. पत्रकार प्रिया रमानी यांनी एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला म्हणून अकबर यांनी अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला, त्यात त्या २०२१ मध्ये निर्दोष सुटल्या हेही माहीत आहे, पण त्याआधी दोन वर्षं कोर्टाच्या खेपा झाल्याच ना! कॅलिफोर्नियात २०२३ साली अशा दाव्यांविरुद्ध खास कायदा झाला, आपल्याकडे तसा नाही.

आता विचारायचंय ते असं. नोटिशीला उत्तर द्यायचंच का, की गप्प बसायचं? उत्तरात चौकशीतलं काही लिहिलं तर २०१३ च्याच कायद्यातल्या कलम १६ ची गोपनीयता मोडते का? आणि ही नोटीस समितीपुढे दबावाचा पुरावा म्हणून ठेवता येते का? महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याचा शिवाजीनगर कोर्टातला अनुभव कुणाला असेल तर प्लीज सांगा. नोटिशीचे नऊ दिवस उरलेत.