मदत हवी आहे: अपलोड दर वेळी ८१ टक्क्यांवर मरतंय, अर्जंट

फोटोवाला_सांगली
नमस्कार मंडळी. पायथनची स्क्रिप्ट आहे, मोठी फाइल तुकडे करून क्लाउडवर चढवते. भाच्यानं लिहून दिलेली, त्याची परीक्षा चालू आहे म्हणून फोन उचलत नाही. लग्नाचं शूटिंग आहे, नवरीकडचे मेलबर्नला, त्यांचा एडिटर शनिवारी बसणार. रात्री दहाला लावून झोपतो, पहाटे चारला उठून बघतो तर ८१ वर, पुढं हलतच नाही. एरर काही नाही. चार दिवस हेच चाललंय. काय करू, लवकर सांगा.

बाराखडी_बग
कुठला क्लाउड? फाइल केवढी? तुकडा केवढा? एरर नाही तर स्क्रीनवर काय दिसतं? यातलं एकही लिहिलेलं नाही. 'मोठी' काय, आमच्या आईला दोन मिनिटांचा व्हिडिओही मोठा वाटतो.

निवांत_नाना
पहाटे चार हे महत्त्वाचं. आमच्याकडेही त्याच वेळेला लाइट जाऊन येते आणि राउटर बसतो. राउटरला छोटा यूपीएस लावा, मी लावलाय, तेव्हापासून सुख आहे.

फोटोवाला_सांगली
नाना राउटर इन्व्हर्टरवर आहे. क्लाउड अ‍ॅमेझॉनचा एस३, मुंबई रीजन. आणि स्क्रिप्ट चांगली आहे हो, हळदीची फाइल याच स्क्रिप्टनं गेली.

कोथरूडचा_क्रॉन
आरक्लोन टाका, क्लाउडवर फाइली चढवायचं तयार सॉफ्टवेअर. एका ओळीचं काम आहे, तुकडे तोच करतो, रीट्राय तोच करतो. घरी स्क्रिप्टा शिजवायची हौस कशाला?

बाराखडी_बग
आधी बिघडलंय काय ते तर कळू दे. उद्या आरक्लोनही अडकला तर तिसरं काहीतरी टाकायला सांगशील. फोटोवाले, फाइल केवढी?

विदाताई
हळदीची केवढी होती आणि ही केवढी, दोन्ही सांगा. आणि स्क्रिप्टमधला अपलोडचा भाग इथं टाका.

फोटोवाला_सांगली
हळद ३८ जीबी. ही ६०, विंडोज ६०.० दाखवतंय. सगळ्या क्लिपा एकाच टार फाइलमध्ये बांधल्यात. कोड बघून मोबाइलवर टाइप करतोय, मराठीतच वाचा:
तुकडा = ५ × १०२४ × १०२४
नंबर = १
मग लूप. फाइलमधून तुकडा वाच, अपलोड पार्ट कर, नंबर एकनं वाढव. ट्राय एक्सेप्ट आहे, एक्सेप्टमध्ये प्रिंट "परत", दहा सेकंद झोप, तोच तुकडा पुन्हा पाठव.
स्क्रीनवर नुसतं परत परत परत येतंय. पण एरर नाही.

बाराखडी_बग
अहो तीच एरर! एरर आली की एक्सेप्टमधलं चालतं. भाच्यानं तिचं तोंड दाबून 'परत' म्हणायला लावलंय. एक्सेप्टमध्ये खरा मेसेज प्रिंट करा.

अझ्युरवाला_अण्णा
मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडला एका फाइलला ५०,००० ब्लॉक, म्हणजे तुकडे, चालतात. तिकडं गेलात तर हा त्रासच नाही.

कोथरूडचा_क्रॉन
अण्णा, माणूस पाण्यात बुडतोय आणि तुम्ही त्याला दुसरी नदी दाखवताय.

निवांत_नाना
मी अजून म्हणतो नेटच. दुपारी लावून बघा.

फोटोवाला_सांगली
बघितलं की काल. दुपारी दोनला लावलं, रात्री आठला ८१. अपलोड स्पीड वीस एमबीपीएसच्या आसपास मिळतो.

विदाताई
मग घड्याळाचा संबंध नाही, आकड्याचा आहे. एस३ ला एका मल्टिपार्ट अपलोडमध्ये, म्हणजे फाइल तुकड्यातुकड्यांनी चढवताना, जास्तीत जास्त १०,००० पार्ट चालतात. तुमचा तुकडा ५ एमबी. दहा हजार गुणिले पाच म्हणजे ५०,००० एमबी, भागिले १०२४, आले ४८.८ जीबी. साठातले ४८.८ म्हणजे ८१ टक्के. हळद ३८ ची होती म्हणून सुटली. आता तुमची स्क्रिप्ट १०,००१ नंबरचा पार्ट पाठवतेय, तो नाकारला जातोय आणि ती सकाळपर्यंत 'परत' म्हणत बसतेय. अण्णांनी न विचारलेलं उत्तर दिलं, पण बोट बरोबर तिथंच पडलं.

अझ्युरवाला_अण्णा
बघा!

फोटोवाला_सांगली
मेसेज प्रिंट केला. पार्ट नंबर १ ते १०००० मधलाच पाहिजे असं म्हणतंय. चार दिवस गेले की हो माझे. मग तुकडा १ जीबीचा करू का?

बाराखडी_बग
नको. तुटला तर पूर्ण जीबी पुन्हा. १६ एमबी केलात तरी ३,८४० तुकड्यांत फाइल बसते. पाचाच्या खाली मात्र जाता येत नाही, फक्त शेवटचा तुकडा लहान चालतो.

कोथरूडचा_क्रॉन
किंवा बोटो३ या एस३ साठीच्या पायथन लायब्ररीतलं तयार अपलोड फाइल फंक्शन वापरा ना. फाइल मोठी असली तर तुकडा आपोआप वाढवतं, दहा थ्रेड लावतं, म्हणजे एका वेळी दहा तुकडे. आरक्लोनही साइज माहीत असेल तर तेच करतो. भाच्यानं खालच्या पातळीवरचं हातानं का लिहिलं देव जाणे.

विदाताई
क्रॉन, पुढच्या फाइलसाठी हेच योग्य. पण आत्ता शून्यापासून लावलं तर यांचे अजून सात तास जाणार, आणि ४८.८ जीबी तर तिकडं पोचलेत. फोटोवाले, तुमचे अर्धवट अपलोड रद्द केलेत का?

फोटोवाला_सांगली
रद्द म्हणजे? विंडो बंद करून पुन्हा लावायचो.

विदाताई
म्हणजे चार लावले असतील तर चार अर्धवट अपलोड तिकडं पडून असणार, जवळपास १९५ जीबी. बकेटमध्ये, म्हणजे एस३ वरच्या तुमच्या कप्प्यात, फाइल म्हणून दिसत नाहीत, पण जागेचे पैसे लागतात. लिस्ट मल्टिपार्ट अपलोड्स ही एस३ ची कमांड चालवा, चारही आयडी दिसतील. जुने तीन अबॉर्ट, म्हणजे रद्द, करा, ताजा ठेवा.
आता गंमत. पार्ट सगळे सारख्या मापाचे असावेत असा एस३ चा नियम नाही, आणि त्याच नंबरचा पार्ट पुन्हा पाठवला की जुना पुसला जातो. म्हणून पहिले ९,९०० तसेच ठेवायचे. फाइलमध्ये ९,९०० गुणिले ५ म्हणजे ४९,५०० एमबी पुढं जायचं आणि ९,९०१ पासून १२० एमबीचे तुकडे पाठवायचे. उरलेत ११,९४० एमबी, म्हणजे साडेनव्व्याण्णव तुकडे. १०,००० वा अर्धाच भरेल. तुमच्या स्पीडला दीड तास.

बाराखडी_बग
ताई, साष्टांग. १२८ घेतलं तर?

विदाताई
९४ तुकड्यांत संपेल आणि ९,९९५ ते १०,००० हे जुने ५ एमबीवाले तसेच राहतील. शेवटी तुकडे जोडून अपलोड कम्प्लीट करताना लिस्ट पार्ट्समधून, म्हणजे पोचलेल्या तुकड्यांच्या यादीतून, आंधळेपणानं सगळे घेतले तर फाइलच्या शेपटाला कचरा जोडला जाईल. म्हणून १२०. आणि लिस्ट पार्ट्स एका वेळी हजारच देतं, एकूण दहा पानं मागावी लागतील, नाहीतर पहिल्या हजारावरच कम्प्लीट कराल.

निवांत_नाना
एवढं करण्यापेक्षा हार्ड डिस्क कुरिअर केली असती तर?

फोटोवाला_सांगली
नाना मेलबर्नला? शनिवारपर्यंत?

निवांत_नाना
मला मिरज वाटलं.

फोटोवाला_सांगली
झालं!! पावणेदोन तास लागले, मध्ये दोन तुकडे तुटले ते त्यानंच परत पाठवले, म्हणजे भाच्याचं 'परत' कामाला आलं. तिकडं एडिटरनं डाउनलोडला लावलीय. विदाताई, सांगलीत कधी आलात तर भडंग आमच्याकडून. एक शंका, तिथं ईटॅग म्हणून लांब नंबर दिसतोय, शेवटी डॅश आणि १००००. माझ्या फाइलच्या एमडी५ शी (फाइलवरून काढलेला ओळखीचा नंबर) जुळत नाही. फाइल खराब गेली का?

बाराखडी_बग
नाही. मल्टिपार्टचा ईटॅग म्हणजे प्रत्येक पार्टचे एमडी५ एकापाठोपाठ ठेवून त्यांचा पुन्हा एमडी५, मागे पार्टची संख्या. तो अख्ख्या फाइलच्या एमडी५ शी जुळणारच नाही. डाउनलोड झाल्यावर त्यांच्याकडच्या फाइलचा एमडी५ काढायला सांगा, तो तुमच्याशी जुळवा.

विदाताई
आणि बकेटला लाइफसायकल रूल लावा, अर्धवट अपलोड सात दिवसांनी आपोआप अबॉर्ट. जुने तीन अबॉर्ट केलेत ना?

फोटोवाला_सांगली
दोन केले. तिसऱ्याचा आयडी कॉपी करताना अर्धाच आलेला, आता करतो.

अझ्युरवाला_अण्णा
लग्नाच्या शूटिंगला काय घेता हो तुम्ही? पुतणीचं आहे मार्गशीर्षात.