नुसते डाव वाढवून ऑनलाइन बुद्धिबळाचं रेटिंग चढतं का?

अडीच_घर

ऑनलाइन बुद्धिबळात अडकलेल्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'भरपूर डाव खेळ, रेटिंग आपोआप चढेल'. हा सल्ला गणितातच चुकतो, असं माझं ठाम मत आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर रेटिंग काढायची ग्लिको-२ पद्धत चालते, चेस डॉट कॉमवर ग्लिको. दोन्हींचं मूळ अर्पाड एलो यांच्या पद्धतीत आहे, जी फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) १९७० साली स्वीकारली. दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून डावाचे अपेक्षित गुण काढतात (विजयाला १, बरोबरीला अर्धा). फरक १०० असेल तर वरच्या खेळाडूने डावामागे सरासरी ०.६४ गुण मिळवायला हवेत, २०० असेल तर ०.७६, ४०० असेल तर ०.९१. अपेक्षेपेक्षा जास्त मिळवलं तर रेटिंग वाढतं, कमी मिळवलं तर उतरतं.

आता जुनं, स्थिरावलेलं खातं घ्या. तोडीस तोड प्रतिस्पर्धी, जिंकल्यावर रेटिंगचे ८ गुण मिळतात, हरल्यावर ८ जातात असं धरू. शंभरात ५५ डाव जिंकणारा हिशेब करतो: १० डावांची आघाडी म्हणजे ८० गुण, पुढच्या शंभरात आणखी ८०. पण ५५ टक्के जिंकणं याचा अर्थ रेटिंग खऱ्या ताकदीच्या जेमतेम ३५ गुण मागे आहे. ते ३५ भरून निघाले की समोर येणारेही तेवढेच तगडे असतात आणि निकाल निम्मे-निम्मे होतात. ताकद तीच राहिली तर हजार डावांनंतरही आकडा तिथेच घुटमळतो.

आणि घुटमळणं लहान नसतं. वरच्या हिशेबाने, खेळ तसूभरही न बदलता रेटिंग ४० गुण इकडेतिकडे सहज हलतं, अधूनमधून ७५ सुद्धा. त्यामुळे एखाद्या रात्री गाठलेला सर्वोच्च आकडा ही आपली पातळी नव्हे.

माझं म्हणणं असं: ब्लिट्झ (मोजक्या मिनिटांचे झटपट डाव) बंद करा. दिवसाला दोनच रॅपिड (त्याहून लांब) डाव, १०+५ किंवा १५+१० (प्रत्येकाची मिनिटं + दर चालीला वाढीव सेकंद), आणि प्रत्येक डावानंतर २० मिनिटं तो डाव इंजिनाशिवाय (चाली तपासणाऱ्या संगणकाशिवाय) तपासा.

झटपट_शह

गणित मान्य, निष्कर्ष अमान्य. ताकद वाढल्याशिवाय रेटिंग वाढत नाही हे खरं, पण ताकद वाढते कशाने? डोळ्यांना आकृत्यांची सवय होऊन. आणि सवयीला संख्या लागते.

१५+१० चा डाव ४० चालींचा झाला तर एका बाजूकडे १३०० सेकंद असतात, दोघांची मिळून जवळपास ४३ मिनिटं. ३+२ च्या तेवढ्याच चालींत एका बाजूकडे २६० सेकंद. म्हणजे एका रॅपिडच्या वेळेत ब्लिट्झचे पाच डाव बसतात.

एक नेमकं उदाहरण देतो, चाली पांढऱ्याच्या आणि काळ्याच्या आळीपाळीने. प्यादं ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा जी५ डी५, आणि पांढऱ्याने प्याद्याने डी५ घेतलं. इथे काळ्याने घोड्याने प्यादं परत घेतलं की पांढरा घोडा एफ७ वर बळी देतो, राजाला ते घ्यावं लागतं, मग वजीर एफ३ वर शह, आणि डी५ चा घोडा वाचवायला राजा ई६ वर उघड्यावर येतो. बरोबर उत्तर आहे घोडा ए५, थेट उंटावर. महिन्याला ६० रॅपिड खेळणाऱ्यासमोर ही स्थिती क्वचित येईल. ब्लिट्झमध्ये ती इतक्यांदा येते की हात चुकत नाही.

शिवाय १२०० च्या खालचे बहुतेक डाव फुकट दिलेल्या मोहऱ्यांवर ठरतात. तिथे २० मिनिटं बसून काय तपासणार? जे डावात दिसलं नाही ते नंतरही दिसत नाही.

काळी_घरं

दोघेही 'ब्लिट्झ' हा एकच शब्द वापरताय, पण ३+० आणि ५+३ यांत फार अंतर आहे. लिचेस मूळ वेळेत ४० चालींचे वाढीव सेकंद मिळवून गट ठरवतं. ५+३ म्हणजे ३०० अधिक १२०, एकूण ४२० सेकंद. रॅपिड ४८० पासून सुरू होतं, म्हणून हा ब्लिट्झ. ३+० सुद्धा ब्लिट्झच, पण तिथे चालीमागे एक सेकंदही परत मिळत नाही.

याचा फटका बसतो एंडगेममध्ये, म्हणजे मोजकीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात. हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती घ्या. बचाव करणाऱ्याचा राजा प्याद्यासमोर असेल तर हत्ती आपल्या बाजूकडून तिसऱ्या रांगेवर धरून ठेवायचा. प्यादं त्या रांगेत शिरलं की हत्ती पार मागे न्यायचा आणि तिथून शह देत राहायचं. डाव बरोबरीत सुटतो. ३+० मध्ये हे माहीत असूनही आठ सेकंद उरलेला खेळाडू वेळेवर हरतो, आणि रेटिंगला कारण कळत नाही. प्रतिस्पर्ध्याला घड्याळावर हरवायची सवय मात्र लागते, जी रॅपिडमध्ये शून्य कामाची. मोबाइल डेटावर खेळणाऱ्यांनी तर वाढीव सेकंदांशिवाय खेळूच नये. नेट एकदा अडकलं की गेलेली वेळ भरून काढायला जागाच नसते.

तपासणीबद्दल: २० मिनिटं लागत नाहीत. डाव संपल्यावर तीनच ठिकाणं शोधा. ओपनिंगमधली (डावाच्या सुरुवातीची) माहीत असलेली चाल कुठे संपली, सर्वात जास्त वेळ कुठल्या चालीवर गेला, आणि डाव हातातून निसटला असं कधी वाटलं. प्रत्येकापुढे एक ओळ लिहा, मगच इंजिन लावा. आधी इंजिन लावलं तर डोळा हिरव्या-लाल आकड्यांकडे जातो आणि आपण तेव्हा काय विचार करत होतो ते पुसलं जातं.

वजीर_वाचवा

पण यंत्रणा मुळात प्रामाणिक आहे हे कशावरून? सलग चार जिंकले की अचानक तगडे समोर येतात, मग सलग पाच पराभव. सगळ्यांना ५० टक्क्यांवर दाबून ठेवतात. त्यापेक्षा नवं खातं काढलेलं बरं. पहिल्या दहा डावांतच आकडा वर जातो, जुन्या खात्यात महिनोन्‌महिने घासत बसावं लागत नाही.

अडीच_घर

@वजीर_वाचवा, निम्मे-निम्मे निकाल हा यंत्रणेचा हेतूच आहे, त्यात लपवाछपवी नाही. सांघिक नेमबाजीच्या काही खेळांत दिसणारी रँक वेगळी आणि जोड्या लावायचा छुपा आकडा वेगळा असतो. इथे जे रेटिंग दिसतं त्यावरच जोड्या लागतात. आणि निव्वळ नाणेफेक केली तरी १०० फेकींत कुठेतरी सलग पाच 'काटे' येण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास असते. पराभवांची माळ हा कटाचा पुरावा ठरत नाही.

नव्या खात्याचं कारण वेगळं आहे. ग्लिकोमध्ये रेटिंगसोबत दुसरा आकडा असतो, विचलनाचा. आपल्या रेटिंगबद्दल यंत्रणेला किती खात्री आहे, ते तो सांगतो. लिचेसवर नवा खेळाडू १५०० वर सुरू होतो आणि विचलन प्रचंड असतं, म्हणून एकेका डावाला आकडा शेकड्याने उडतो. विचलन ११० च्या वर असेपर्यंत रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह दिसतं. ते ५० पर्यंत उतरलं तरी १५०० याचा अर्थ 'बहुधा १४०० ते १६०० मध्ये' एवढाच. म्हणजे नव्या खात्याचा वेग हा अनिश्चिततेचा वेग आहे. प्रश्नचिन्ह गेलं की जुना आकडा परत येतो. जुन्या खात्यावर मोठी सुट्टी घेतली तरी विचलन थोडं वाढतं, म्हणून परतल्यावरच्या पहिल्या डावांत झोके मोठे असतात. तेव्हा घाबरू नये.

प्यादं_पुढे

मुलांच्या पालकांसाठी एक भर. ऑनलाइन आकडा आणि फिडेचा आकडा शेजारी ठेवू नका. लिचेसवरचं रेटिंग खालच्या पातळीवर चेस डॉट कॉमपेक्षा बरंच जास्त दिसतं, कारण सुरुवातीचा आकडा आणि खेळाडूंचा समूहच वेगळा. फिडेने तर मार्च २०२४ मध्ये २००० च्या खालची रेटिंग एकदाच वर उचलली (२००० मधून रेटिंग वजा करून त्याच्या ०.४ पट) आणि किमान रेटिंग १४०० केलं. त्याआधीची तुलनेची कोष्टकं आता निरुपयोगी आहेत.

झटपट_शह

@काळी_घरं, ३+० बद्दल माघार घेतो, वाढीव सेकंद हवेतच. तीन ओळींची पद्धतही पटली, तेवढी ब्लिट्झनंतरही जमते. पण 'ब्लिट्झ बंद' हे अजून पटत नाही. ओपनिंग पक्कं होईपर्यंत ५+३ चे चार डाव, प्रत्येकानंतर ओपनिंग एक्सप्लोररमध्ये (आधी खेळलेल्या डावांतल्या चालींच्या संग्रहात) आपल्या रेटिंगचा गट निवडून बघायचं: आपल्या चालीनंतर लोक काय खेळतात, आणि त्यातलं कशाने हरवतात. मास्टर लोकांचे डाव बघून उपयोग नाही. ९०० च्या पातळीवर कुणी ते खेळतच नाही.

अडीच_घर

चार डावांवर थांबणार असाल तर माझी हरकत खूपच कमी होते. अडचण अशी की ब्लिट्झमध्ये पाचवा डाव एका बटणावर असतो. हरल्यावर 'पुन्हा खेळा' दाबलं जातं तेव्हा चाल शोधण्याआधी हात हलतो, आणि एका बैठकीत सात-आठ पराभव म्हणजे ६० गुण. सलग दोन हरले की खिडकी बंद, हा नियम आधी लावा. मग ब्लिट्झ की रॅपिड यावर भांडू.

झटपट_शह

दोन नव्हे, तीन. दोनवर थांबायचं ठरवलं तर निम्मे-निम्मे निकालांत पहिल्या दोन डावांतच उठायची वेळ चारात एकदा येते. तेवढ्यात सराव होत नाही.

काळी_घरं

चारात एकदा उठावं लागलं तर उठा. राहिलेल्या वेळात पझल सोडवा, तीही घड्याळाशिवाय, समोरच्याचं सगळ्यात चिवट उत्तर शोधून झाल्यावरच पहिली चाल करायची. सरळ दिसलेली शहाची चाल लगेच ओढायची सवय तिथेच मोडते.