विषय: ऑगस्टची सहल – एनिस्किलनचा रस्ता, शुक्रवारपर्यंत ठरवायचंय

प्रेषक: नीलिमा

नमस्कार मंडळी,

बसवाल्याचा काल रात्री फोन आला. शुक्रवारी दुपारपर्यंत पक्का रस्ता आणि निम्मे पैसे हवेत, नाहीतर बँक हॉलिडेची बस तो दुसऱ्या ग्रुपला देणार आहे.

त्याने पाठवलेला रस्ता असा: शनिवारी न्यूग्रेंजचं प्राचीन थडगं करून जायंट्स कॉजवे (समुद्रकाठचे दगडी खांब), रविवारी ग्रिआनानचा दगडी कोट आणि स्लीव लीगचा कडा, सोमवारी एन ३ महामार्गाने एनिस्किलनवरून डब्लिन. म्हणजे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा नॉर्दर्न आयर्लंड, आणि ते यूकेत येतं. भारतीय पासपोर्ट आणि आयआरपी (इथे राहण्याचं कार्ड) असलेल्यांना त्यासाठी यूकेचा व्हिसा लागतो. आपल्या यादीत असे बरेच जण आहेत.

प्रत्येक घराने आजच कळवा: कोणाचा कुठला पासपोर्ट, यूकेचा व्हिसा आहे का, असल्यास कधी संपतो. मुलांचंही वेगळं लिहा. नुसतं "आम्ही चौघं आहोत" लिहू नका, त्यावरून मला काही ठरवता येत नाही.

नीलिमा

-----

प्रेषक: मंदार

नीलिमाताई, आमचं: मी आयरिश, मुलं आयरिश, श्वेता भारतीय, यूकेचा व्हिसा नाही.

पण यावर इतकं अडून राहायची गरज आहे का? त्या सीमेवर फाटक नाही, चौकी नाही. वेगमर्यादेची पाटी किलोमीटरची मैलात जाते आणि रस्त्याच्या कडेची तुटक पिवळी रेघ पांढरी होते, एवढाच काय तो फरक. सरकारी बससेवेची, बस एरनची, ३० नंबरची डब्लिन–डोनेगल बससुद्धा रोज एनिस्किलनहूनच जाते. आणि कॉजवे वगळला तर मुलांना दाखवायचं काय? इतकी वर्षं या देशात राहून तो पाहिला नाही असे किती तरी जण आपल्यात आहेत.

-----

प्रेषक: केतकी

मंदार, फाटक नाही म्हणजे परवानगी आहे असं होत नाही. कॉमन ट्रॅव्हल एरियाची, म्हणजे आयर्लंड-यूकेत विनाव्हिसा ये-जा करण्याची, मोकळीक आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना आहे. तू आणि मुलं जाऊ शकता. श्वेता नाही जाऊ शकत. आयआरपी कार्ड हे आयर्लंडमध्ये राहण्याचं कार्ड आहे, त्याने यूकेत प्रवेश मिळत नाही. मग तू तिथे दोन दिवस राहा की बसमध्ये बसून अर्ध्या तासात फर्मॅनामधून (एनिस्किलनची काउंटी) बाहेर पड, नियम तोच.

आणि तपासणी होतच नाही हेही खरं नाही. बेलफास्टहून येणाऱ्या बसमध्ये गार्डा (आयरिश पोलीस) चढतात आणि कागद विचारतात. माझ्या ऑफिसमधल्या एका मुलीला असंच खाली उतरवून चौकशी केली होती. तिचा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा प्रलंबित होता. पुढचे कित्येक महिने ती पोर नीट झोपली नाही. त्या अर्जात तुमचं वर्तन कसं आहे हे पाहतात, सगळ्यांना माहीत आहे. आपल्यातल्या निदान चार-पाच घरांचे अर्ज आत्ता तिथेच पडून आहेत.

एकट्याने स्वतःच्या गाडीने जाणारा स्वतःचं बघून घेईल. पण मंडळाच्या नावाने बस ठरवून, यादी करून आपण कोणालाही विनाव्हिसा पलीकडे नेऊ नये. याला माझा ठाम विरोध आहे.

नवीन व्हिसा काढू म्हणाल, तर बोटांचे ठसे दिल्यानंतर साधारण तीन आठवडे धरतात, आणि ठशांची वेळ मिळायला हवी ती वेगळीच. शिवाय चौघांच्या घराला तो खर्च सहलीपेक्षा जास्त पडेल.

केतकी

-----

प्रेषक: सुहास (प्रसादचे बाबा)

सर्वांस नमस्कार. मी यादीत नवा आहे, चार ओळी लिहितो.

माझ्या आणि प्रसादच्या आईच्या आयरिश व्हिसावर बी.आय.व्ही.एस. (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी नोंद आहे. प्रसाद सांगतो की त्यावर आम्ही दोघे पलीकडे जाऊ शकतो, पण इथे आठ वर्षं नोकरी करणारा तो स्वतः जाऊ शकत नाही. हे बरोबर आहे का? केतकीताईंनी कृपया खुलासा करावा.

मी पुण्याला भूगोल शिकवत असे. कॉजवेची इच्छा फार जुनी आहे. तिथले सुमारे ४० हजार खांब म्हणजे बेसॉल्टच. लाव्हा सावकाश थिजताना आकसतो, त्याला तडे जातात आणि ते तडे खाली उतरत गेले की असे पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. आपला सह्याद्री साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, हे खांब सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचे. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिथे गेल्यावर ओळखीचं वाटेल. तिथे खांब दोनशे फूट उभे आहेत, इथे ते समुद्रात उतरत जातात.

मात्र मुलगा आणि सून मागे राहणार असतील तर आम्हाला जायचं नाही.

सुहास

-----

प्रेषक: वैशाली

काका, गिल्बर्ट हिल! माझं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर. वरच्या देवीच्या देवळात नवरात्रात आई आम्हाला न्यायची, पायऱ्या चढताना बाजूच्या काळ्या दगडाला हात लावत जायचो. तो दगड इतका जुना आहे हे शाळेत कोणीच सांगितलं नाही. आता चारही बाजूंनी इमारती उठल्या आहेत, फोटो काढायलाही जागा सापडत नाही. माझ्या मुलीला तुमच्या शेजारी बसवा म्हणजे तिला नीट कळेल.

स्लीव लीगला किती चढ आहे? सासूबाई येणार आहेत, त्यांचा गुडघा दुखतो.

-----

प्रेषक: केतकी

काका, हो, बरोबर आहे. ती योजना भारतीयांसाठी २०१५ पासून आहे. अल्प मुदतीच्या व्हिसावर ती नोंद असेल तर आधी आयर्लंडमध्ये प्रवेश करायचा आणि मुदतीत यूकेत जायचं. पण ती पाहुण्यांसाठीच आहे, इथे राहणाऱ्यांसाठी नाही. मंत्र्यांना, खासदारांना पत्रं लिहायला हवीत असं मी दर वार्षिक सभेत म्हणते. या वेळी तरी ठराव करूया.

-----

प्रेषक: अभिजित

मंडळी,

मागच्या केरीच्या सहलीची बस मी ठरवली होती, त्यामुळे दोन गोष्टी बोलतो. पहिली: बसवाल्याशी रस्त्याबद्दल सहल समितीतल्या एकानेच बोलावं. काल त्याला नीलिमाताईंशिवाय आणखी दोघांचे फोन गेले, तो गोंधळला आहे आणि त्याने भाव वाढवला तर तो सगळ्यांनाच पडेल.

दुसरी: डोनेगलला जायला नॉर्दर्न आयर्लंड लागतंच हा समज काढून टाका. नकाशा बघा. डोनेगल उरलेल्या रिपब्लिकला फक्त लीट्रिम काउंटीच्या चिंचोळ्या पट्टीने जोडलेलं आहे आणि त्या पट्टीतूनच एन १५ जातो. लीट्रिमचा समुद्रकिनारा जेमतेम चार किलोमीटर, पण आपल्याला तेवढा पुरतो. डब्लिनहून एन ४ ने स्लायगो, तिथून एन १५ ने बंडोरन, बॅलीशॅनन, डोनेगल गाव. एकदाही सीमा ओलांडायची नाही.

आणि हा रस्ता दुय्यम नाही. उलट जुनी ठिकाणं आणि रांगडा किनारा बघायचा तर हाच रस्ता हवा.

शनिवारी सकाळी सातला निघून थांबत थांबत अकरापर्यंत कॅरोमोर. साध्या गाईच्या कुरणात तीसेक दगडी थडगी विखुरलेली आहेत, साडेपाच हजार वर्षांच्या आसपासची. न्यूग्रेंजला तुम्ही ठरलेल्या वेळी आत जाता आणि ठरलेल्या वेळी बाहेर येता. इथे शिळांच्या वर्तुळात उभं राहून सावकाश बघता येतं. तिथल्या सरकारी गाईड बाई फार मन लावून सांगतात. त्यांनीच मला दाखवलं की बऱ्याच थडग्यांची तोंडं मधल्या मोठ्या थडग्याकडे वळलेली आहेत. ते कळल्यावर सगळं कुरण वेगळंच दिसायला लागतं.

जेवून नॉकनारी. ३२७ मीटरचा डोंगर, माथ्यावर दंतकथेतल्या राणी मेव्हचं म्हणतात ते दगडांचं प्रचंड थडगं. ते आजवर कोणी खोदलेलं नाही. चढायला पाऊण तास. ज्यांना चढायचं नाही त्यांनी स्ट्रँडहिलला समुद्रावर बसावं, पण पाण्यात कोणीही उतरायचं नाही. तिथे ओढ भयंकर आहे, पोहायला बंदी आहे. आणि कृपा करून मुलांना त्या थडग्यावर चढू देऊ नका. चढणाऱ्यांच्या पायांनी दगड सुटताहेत, पाट्या लावल्या आहेत. मागच्या वेळी आपल्याच ग्रुपमधली मुलं वर होती आणि कोणी हाक मारली नाही, मला फार वाईट वाटलं होतं.

रविवारी क्रीव्हीकीलचं प्राचीन थडगं: क्लिफनी गावाच्या पुढे, एन १५ ला अगदी लागून. मग समुद्रकाठचं मुलाघमोर, मग थेट स्लीव लीग. ६०१ मीटरचा कडा, खाली अटलांटिक. मोहेरचे कडे २१४ मीटरचे, यावरून अंदाज करा.

वैशाली, आपली मोठी बस वर जात नाही, रस्ता एका गाडीपुरता आहे. खालच्या केंद्रापासून छोट्या गाड्या बंग्लासच्या सज्जापर्यंत सोडतात. सासूबाईंना चढावं लागणार नाही, मुख्य देखावा तिथूनच दिसतो. वारा मात्र जबरदस्त असतो, कानटोपी हवीच.

अभिजित

-----

प्रेषक: मंदार

अभिजित, रस्ता पटला. केतकीचंही पटलं, श्वेताला मागे ठेवून मला जायचं नाहीये. पण मग न्यूग्रेंज आणि ग्रिआनान दोन्ही गेली. न्यूग्रेंजचं ठीक आहे, डब्लिनहून तासाभरावर आहे, कुठल्याही शनिवारी जाऊ. ग्रिआनानसाठी मी मुद्दाम बोललो होतो. पाच मीटर उंच दगडी भिंतींचा गोल कोट, भिंतीवर चढलं की एका बाजूला लॉक स्विली, दुसऱ्या बाजूला लॉक फॉइल, अशा दोन खाड्या दिसतात. ११०१ मध्ये मन्स्टरच्या राजाने सूड म्हणून तो पाडला, आत्ता दिसतो तो १८७० च्या दशकात पुन्हा रचलेला. मुलांना किल्ले दाखवायचे तर राजगड-रायगड दर वर्षी होत नाहीत, हा तरी दाखवू. सोमवारी सकाळी लवकर निघून होईल की.

-----

प्रेषक: अभिजित

होईल, पण परतीचं गणित बसत नाही. ग्रिआनान डेरीपासून दहा किलोमीटरच्या आत आहे. तिथून डब्लिनचा सरळ रस्ता ओमावरून, म्हणजे नॉर्दर्न आयर्लंडमधून, जातो आणि तो आपल्याला चालणार नाही. मागे लेटरकेनी, बॅलीबोफे, डोनेगल, स्लायगो असं फिरून यायचं तर नुसतं गाडी चालवणंच पाच तासांच्या आसपास. ड्रायव्हरला साडेचार तासांनंतर पाऊण तासाची सक्तीची विश्रांती, दिवसाची नेहमीची मर्यादा नऊ तास. त्यात सकाळचं जाणं मिळवलं की घरी पोचायला रात्र होईल, आणि मंगळवारी सगळ्यांना कामावर जायचंय.

फोनवरचा नकाशाही बघत राहावा लागेल. तो जवळचा रस्ता म्हणून आपोआप स्ट्रबेनवरून, म्हणजे सीमेपलीकडून, नेतो. ड्रायव्हरला लेखी रस्ता द्यायचा आणि पुढे बसणाऱ्याने लक्ष ठेवायचं.

-----

प्रेषक: सुहास (प्रसादचे बाबा)

अभिजितराव, मुलाघमोरचं नाव वाचून थबकलो. माउंटबॅटन तिथेच गेले ना? २७ ऑगस्ट १९७९. त्याच महिन्यात गुजरातेत मोरवीचं धरण फुटलं होतं, त्या बातम्या चालू असतानाच ही आली. बोटीवर बाँब ठेवला होता, बरोबर त्यांचा नातूही गेला. भारतात तेव्हा दुखवटा पाळला होता. क्लासीबॉन हा त्यांचा वाडा त्या टोकावरून दिसतो असं वाचलं आहे. बस तिथे दहा मिनिटं जास्त थांबेल का?

आणि स्लीव लीगचा दगड बहुतांशी क्वार्टझाइट आहे, बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुना. वैशालीताईंच्या मुलीला तो तिथे दाखवतो. कॉजवे पुन्हा केव्हातरी.

-----

प्रेषक: प्रसाद

बाबा, वाडा दिसतो. खासगी आहे, आत जात नाहीत, पण रस्त्यावरून सगळं दिसतं.

जेवणाचं कोणी बघितलं का? स्लायगोत रविवारी सकाळी फार कमी ठिकाणं उघडी असतात. आई-बाबा अंडंही खात नाहीत. शनिवारचं जेवण आपण घरूनच नेऊ, पण रविवारी स्लीव लीगच्या आसपास शाकाहारी म्हणजे सूप आणि पाव. हे आधी हॉटेलला कळवायला हवं.

-----

प्रेषक: केतकी

शनिवारचे पराठे आणि दही-भात आमच्याकडे. रविवारचं अभिजितने हॉटेलशी बोलावं, त्याच्याच ओळखीचं आहे ते.

-----

प्रेषक: नीलिमा

सगळ्यांचे निरोप मिळाले. असं ठरवते:

बस एन ४ – एन १५ ने जाईल आणि त्याच रस्त्याने येईल. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये कुठेही शिरायचं नाही, ही अट बसवाल्याच्या करारात लिहून घेत आहे. शनिवारी कॅरोमोर आणि नॉकनारी, रविवारी क्रीव्हीकील, मुलाघमोर, स्लीव लीग. दोन्ही मुक्काम स्लायगोत, म्हणजे सामान एकदाच उतरवायचं. सोमवारी सकाळी स्ट्रीडाचा समुद्रकिनारा. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराची तीन जहाजं तिथे फुटली आणि हजाराहून जास्त माणसं बुडाली. तिथे चालून मग घरी. काका, मुलाघमोरला अर्धा तास धरला आहे.

मंदार, ग्रिआनानसाठी ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी पुढे कधी स्वतंत्र दोन दिवस काढावेत, तू पुढाकार घेतलास तर मंडळाची यादी तुला देते.

बसवाल्याशी इथून पुढे फक्त अभिजित बोलेल. पैसे गुरुवारी रात्रीपर्यंत मंडळाच्या खात्यात, संदर्भात घराचं आडनाव घाला. व्हिसामुळे ज्यांनी नावं काढून घेतली होती त्या तिन्ही घरांना मी आज फोन करते आहे.

नीलिमा

-----

प्रेषक: वैशाली

आमची पाच नावं धरा. सासूबाईंना पुढची सीट द्या, मागे बसलं की त्यांना गाडी लागते. आणि केतकी, पराठे एकटीने करू नकोस, मी शुक्रवारी संध्याकाळी सहाला येते, पोळपाट माझा आणते.