हरेदी लोकसंख्या वाढतेय, पण इस्रायलचं राजकारण नेमकं कुठून बदलतंय?

चौकस:
इस्रायलमध्ये हरेदी ज्यू, म्हणजे तोराच्या (ज्यू धर्मग्रंथाच्या) अभ्यासाला वाहून घेतलेला आणि कडक आचार पाळणारा समाज, आज लोकसंख्येच्या साधारण १३-१४ टक्के आहे. त्यांच्यात दर बाईमागे सहाहून जास्त मुलं, सेक्युलर ज्यूंमध्ये दोनच्या आसपास. एवढ्यावरून लोक सरळ रेघ ओढतात आणि अमुक साली तिथे धर्मराज्य येणार म्हणून सांगतात. मला हा हिशोब पटत नाही, पण तो कुठे चुकतो तेही नीट सांगता येत नाही. लोकसंख्या वाढली की सत्ता कोणत्या वाटेने वाढते? मतांच्या, युतीच्या की नगरपालिकांच्या? आणि लष्करभरतीवरून एवढं रण का पेटलंय? जाणकारांनी जरा उलगडून सांगा.

दशांश:
आधी वाढीचा वेग बघू. वर्षाला सुमारे ४ टक्के म्हणजे ७० भागिले ४, साधारण १७-१८ वर्षांत दुप्पट. गणित बरोबर आहे, पण जननदर आहे तसाच राहील हे त्यात गृहीत धरलंय. इस्रायलमधल्याच मुस्लिम समाजाकडे बघा. २००० च्या सुमारास तिथे दर बाईमागे साडेचाराहून जास्त मुलं होती, २०२० पर्यंत आकडा ३ वर आला. तेव्हा ज्यांनी सरळ रेघ ओढली त्यांचे सगळे अंदाज फसले. हरेदींचा दरही शतकाच्या सुरुवातीला सातच्या वर होता, आता साडेसहाच्या आसपास आहे. उतरतोय, पण फार संथपणे. त्यामुळे पुढच्या १५ वर्षांचा अंदाज मी मानेन, कारण ते मतदार जन्मलेले आहेत. ४० वर्षांनंतरचा मानणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे डोकी आणि मतं एक नव्हेत. या समाजातले निम्म्याहून जास्त लोक २० वर्षांच्या आतले आहेत आणि मतदानाचं वय १८. म्हणजे मतदारांमधला वाटा लोकसंख्येतल्या वाट्याच्या मागेच राहतो. ही तूट बरीचशी भरून निघते ती शिस्तीने. तिथे मतदार पडद्याआड जाऊन पक्षाच्या अक्षराची छापील चिठ्ठी पाकिटात घालतो. रब्बींनी (धर्मगुरूंनी) ‘गिमेल’, म्हणजे युनायटेड तोरा या हरेदी पक्षाचं अक्षर, सांगितलं की घरातल्या सगळ्या पाकिटांत गिमेलच.

आता जागा. हरेदींचे मुख्य पक्ष दोन. २०२२ मध्ये युनायटेड तोरा ज्युडाइझमला ५.९ टक्के मतं आणि ७ जागा, शासला ८.२ टक्के आणि ११ जागा. मिळून १४ टक्के मतांवर १२० पैकी १८, म्हणजे १५ टक्के जागा. हा जादा टक्का आला कुठून? किमान मतांची अट ३.२५ टक्के आहे. डावा मेरेत्झ पक्ष ३.१६ वर अडकला, साधारण चार हजार मतं कमी पडली आणि त्याची दीड लाख मतं वाया गेली. बालाद या अरब पक्षाचंही तेच झालं. वाया गेलेल्या मतांचा फायदा उरलेल्या सगळ्यांना मिळतो. २०१४ मध्ये ही अट २ वरून ३.२५ टक्क्यांवर नेली नसती तर हे दोन्ही पक्ष क्नेसेटमध्ये, म्हणजे संसदेत असते.

आता हे बघा. १९९९ मध्ये या दोन हरेदी पक्षांच्या मिळून २२ जागा होत्या, २०२२ मध्ये १८. एवढी लोकसंख्या वाढूनही जागा कमी.

पारडं:
दशांश, १९९९ चा आकडा घेताना एक काळजी हवी. तेव्हा पंतप्रधान थेट निवडला जायचा आणि मतदाराच्या हाती दोन मतं असायची. एक मत मोठ्या नेत्याला देऊन दुसरं आपल्या जातकुळीच्या पक्षाला देता यायचं, म्हणून शास १७ पर्यंत गेला. ती पद्धत २००१ नंतर बंद झाली. शिवाय शासचे सगळे मतदार हरेदी नाहीत. उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून आलेली, परंपरा पाळणारी पण मुलांना लष्करात पाठवणारी कुटुंबंही त्याला मत देतात. लोकसंख्येची वाढ तपासायची तर युनायटेड तोराचा आकडा पाहावा. १९९९ मध्ये ५, २०२२ मध्ये ७.

पण तुमच्या आकड्यांतून निघणारा मुद्दा खराच आहे, खरी ताकद जागांच्या संख्येत नाही. १२० मध्ये बहुमताला ६१ लागतात. २०२२ ची युती ६४ ची: नेतन्याहूंचा लिकुड ३२, धार्मिक-राष्ट्रवादी यादी १४, हरेदी १८. यातले १८ काढा, ४६ उरतात. त्यात अर्थसंकल्प ३१ मार्चपर्यंत मंजूर झाला नाही तर क्नेसेट आपोआप विसर्जित होतं. म्हणून दर अर्थसंकल्पाआधी येशिवांच्या (धर्मशिक्षणाच्या पाठशाळांच्या) अनुदानाची घासाघीस होते. वित्त समितीचं अध्यक्षपद ते हट्टाने मागून घेतात तेही यासाठीच. परराष्ट्र किंवा संरक्षण खातं ते मागत नाहीत.

उलट बाजूही पाहा. ज्या वेळी त्यांच्याशिवाय गणित जुळलं, त्या वेळी ते थेट बाहेर बसले. २००३ मध्ये शिनुई या कट्टर सेक्युलर पक्षाला १५ जागा मिळाल्या, पंतप्रधान शॅरोन यांनी हरेदींना वगळून सरकार केलं आणि मोठ्या कुटुंबांचे बालभत्ते कापले गेले. २०१३ मध्ये येश अतीद या सेक्युलर पक्षाच्या १९ जागांमुळे पुन्हा तसंच झालं. समाज तोच, संख्या वाढलेली, वजन शून्य.

एक चूक टाळा: युतीतले ते १४ जागांचे धार्मिक-राष्ट्रवादी वेगळे. ते धार्मिक असले तरी सैन्यात जातात, राज्यसंस्थेला पवित्र मानतात. हरेदी पक्षांचा राज्याशी संबंध व्यवहारापुरता. युनायटेड तोराचे लोक वर्षानुवर्षं पूर्ण मंत्रीच होत नसत, कारण मंत्र्यावर मंत्रिमंडळाच्या सगळ्या निर्णयांची सामूहिक जबाबदारी येते आणि त्यात शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या धार्मिक विश्रांतीचा, भंगही आला. म्हणून त्यांचे नेते लिट्झमन मंत्र्याचे अधिकार असलेले आरोग्य उपमंत्री होते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सोय बंद केली, तेव्हा रब्बींच्या परवानगीने ते मंत्री झाले.

चौकस:
म्हणजे सर्वसामान्य सेक्युलर माणसाच्या रोजच्या जगण्यात बदल होतो तो क्नेसेटमधून की गावपातळीवरून?

उंबरठा:
दोन्हीकडून. राष्ट्रीय पातळीवर १९४७ मध्ये बेन-गुरियन यांनी हरेदींना दिलेल्या ‘जैसे थे’ पत्रातल्या चार गोष्टी अजून चालू आहेत: शनिवार सुट्टीचा, सरकारी स्वयंपाकघरात कोशेर (धर्मनियमाप्रमाणे केलेलं अन्न), लग्न-घटस्फोट धार्मिक न्यायालयाकडे, शाळांना स्वायत्तता. देशात नागरी विवाह नाही, म्हणून जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करतात आणि परत येऊन त्याची नोंद करतात. हे हरेदी वाढण्याआधीपासूनचं आहे. वाढलेल्या संख्येचा परिणाम इतकाच की ते बदलणं अवघड झालं.

नवी खेचाखेच नगरपालिकांत आहे. शनिवारी दुकानं उघडण्याचे स्थानिक नियम अडवण्याचा अधिकार गृहमंत्र्याला देणारा कायदा जानेवारी २०१८ मध्ये ५८ विरुद्ध ५७ असा निसटता मंजूर झाला. त्याला तेल अवीव आणि शेजारच्या शहरांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये उत्तर दिलं, शनिवारच्या बस सुरू करून. त्या फुकट आहेत. तिकीट घेतलं तर परवाना लागतो, आणि परवाना मंत्रालयाच्या हातात. कमी संख्येच्या धार्मिक समाजाला केंद्रात वजन मिळालं की सेक्युलर शहरं अशी स्वतःची वाट काढतात. देश सगळीकडे सारखा धार्मिक होत नाही, गावागणिक वेगळा होत जातो.

पारडं:
आता भरतीचं. मला सगळ्यात महत्त्वाचा धागा हाच वाटतो. १९४८ मध्ये पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांनी येशिवातल्या ४०० विद्यार्थ्यांना सक्तीच्या लष्करसेवेतून सवलत दिली. १९७७ नंतर पंतप्रधान बेगिन यांनी संख्येची मर्यादा काढून टाकली. १९९८ मध्ये न्यायालय म्हणालं की संरक्षणमंत्री एवढी मोठी सूट स्वतःच्या अधिकारात देऊ शकत नाही, कायदा करा. त्या निकालाचा आशय असा की संख्या एका मर्यादेपुढे गेली की प्रश्नाचं स्वरूपच बदलतं. सूट देणारा २००२ चा ताल कायदा न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केला, २०१४ चा २०१७ मध्ये रद्द. २५ जून २०२४ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की सूट देणारा कायदाच उरलेला नाही, भरती करा. तोवर सवलतीतल्यांचा आकडा ६३,००० च्या घरात गेला होता. ४०० लोकांसाठी केलेली सोय ६३,००० लोकांना पेलत नाही. वाढीनेच त्या सोयीचा पाया खचवला.

ही सूट रोजगारालाही चिकटलेली होती, ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सूट टिकवायची तर तरुणाने २६ वर्षांचा होईपर्यंत येशिवात नोंदलेलं राहायचं, उघड नोकरी करायची नाही, असा नियम होता. त्या वयात तो दोन-तीन मुलांचा बाप असतो आणि हाती शिक्षण-अनुभव काही नाही. म्हणून हरेदी पुरुषांपैकी जेमतेम ५५ टक्के कामावर, बायका मात्र ८० टक्क्यांच्या आसपास. घर बाईच्या पगारावर चालतं आणि तिची नोकरी पाळणाघराच्या अनुदानावर टिकते. २०२४ च्या निकालानंतर महाधिवक्त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं: भरतीस पात्र असून हजर न होणाऱ्या बापाच्या मुलांना पाळणाघराचं अनुदान नाही. युतीतली भांडणं त्यानंतर इतकी चिघळली की जुलै २०२५ मध्ये युनायटेड तोरा सरकारमधून बाहेर पडला.