मदत हवी आहे : जुनी अल्टो ८०० घ्यावी की जुनी स्कॉर्पिओ?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. बजेट बेताचं आहे आणि दोन गाड्या बघून ठेवल्यात, दोन्ही २०१३ च्या. एक पेट्रोल अल्टो ८००, दुसरी एमहॉक इंजिनची डिझेल स्कॉर्पिओ. एक ७९६ सीसी, पन्नाशीच्या आत बीएचपी. दुसरी २१७९ सीसी, १२० बीएचपी. तुलनाच विचित्र आहे, मान्य. पण आमची गरजही तशीच दुहेरी आहे.

रोज घोडबंदर रोडने कासारवडवलीला जातो. तिथे ताकदीचा काय उपयोग, क्लचवर पाय ठेवूनच रांगायचं असतं. सोसायटीतली पार्किंगची जागाही चिंचोळी. पण गणपतीला आणि शिमग्याला संगमेश्वरला जातो, आम्ही पाच जण आणि सामान. मित्राच्या अल्टोतून एकदा गेलो होतो. भोस्ते घाटात एसी बंद करून दुसऱ्या गिअरवर चढवली, आईच्या मांडीवर तांदळाची पिशवी.

तर स्कॉर्पिओ बघायला आईलाच घेऊन गेलो. तिचे गुडघे दुखतात. दाराचं हँडल धरून तिने दोनदा पाय उचलला, तिसऱ्यांदा मी हात दिला तेव्हा कुठे ती वर चढली. तेव्हापासून मन घेत नाहीये.

दोन्हींची पंधरा वर्षं २०२८ मध्ये भरतील, मग फिटनेस आणि पुनर्नोंदणी. जुन्या डिझेलचा टर्बो, इंजेक्टर, क्लच यांचा खर्च किती येतो? ज्यांनी वापरलीय त्यांनी खरं सांगा. आणि ठाण्यात गाडी तपासून देणारा विश्वासू मेकॅनिक माहीत असेल तर कृपया कळवा, रविवारपर्यंत टोकन द्यायचं आहे.