जुन्या घराची दुरुस्ती : परवानगी नेमकी कोणत्या कामांना लागत नाही?

अक्कलकोटरोडकर : आमचे घर एका गुंठ्यावर आहे. पुढच्या दोन खोल्या माळवदाच्या, म्हणजे तुळयांवर मातीचे छत असलेल्या, असून मागे स्लॅब आणि पत्र्याचे न्हाणीघर आहे. उखडलेली शहाबादी फरशी बदलणे, न्हाणीवर नवे पत्रे घालणे, माळवदाखालची मधली भिंत काढणे, बोळाकडे खिडकी पाडणे आणि जमल्यास स्लॅबवर एक खोली चढवणे असा बेत आहे. घर स्वतःचे असल्यावर परवानगी कशाला, असे गवंडी म्हणतो. ते कितपत खरे?

नकाशेवाला : अर्धेच खरे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ नुसार, ज्या दुरुस्तीचा परिणाम केवळ इमारतीच्या आतल्या भागावर होतो किंवा जिच्यामुळे बाहेरचे रूप फारसे बदलत नाही, अशा कामाला विकास परवानगी लागत नाही. त्यामुळे फरशी, गिलावा, रंग आणि आहे त्याच उंचीवर पत्रे बदलणे ही कामे खुशाल करावीत. खिडकीची सवलत मात्र ती दुसऱ्याच्या मिळकतीकडे किंवा सार्वजनिक रस्त्याकडे उघडत नसेल तरच मिळते, म्हणून बोळ कोणाचा हे आधी उताऱ्यावर पाहावे.

मधल्या भिंतीची मला अधिक काळजी वाटते. नंतर घातलेली विटांची आडभिंत असेल तर गोष्ट निराळी. पण माळवदाच्या तुळया बहुधा मूळच्या मधल्या भिंतींवर टेकलेल्या असतात आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो, जो पावसात भिजून आणखी जड होतो. ती भिंत काढणे हा अंतर्गत बदल नसून इमारतीच्या मजबुतीचाच प्रश्न आहे. स्ट्रक्चरल अभियंत्याने पाहिल्याशिवाय पहारही लावू नये.

वरची खोली हे सरळ नवे बांधकाम आहे. तरीही १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीत, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमांत, सोपी वाट आहे : परवानाधारक तज्ज्ञाने प्रमाणित केलेला नकाशा दाखल करून शुल्क भरले की त्याची पोचच परवानगी मानली जाते. आपला गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर.

जुळेसोलापूर : एक पुरवणी. जागा गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या तुकड्यांपैकी, असेल तर ती नियमित झाली आहे का हे आधी पाहा, कारण घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. मी ती तशी समजलो, उन्हाळ्यात स्लॅब तापतो म्हणून वर पत्रा टाकला, पुढे तिन्ही बाजूंनी विटा रचल्या आणि नोटीस आल्यावर त्या स्वखर्चाने उतरवल्या. नुसता पत्राही विचारूनच टाकायला हवा होता, हे तेव्हा कळले.

अक्कलकोटरोडकर : दोघांचेही आभार. उतारा काढला, बोळ शेजाऱ्यांच्या नावावर निघाला, त्यामुळे खिडकी आमच्याच परसाकडे काढतो. फरशी आणि पत्रे पावसाळ्याआधी उरकून घेतो. भिंतीला अभियंत्याने पाहीपर्यंत हात लावणार नाही, हे गवंड्यालाही सांगितले आहे. तो थोडा रुसला आहे.